पार्श्वभूमी: हवाईयन की स्पॅनिश? गाण्याविना गिटारच्या अल्बमची वाट

स्पेनचा फ्लॅमेंको, अमेरिकेचे ब्लूज आणि जॅझ आणि एखादा राग एकाच अल्बममध्ये, आणि गाणारं कुणीच नाही. पुण्यात अशा गिटारच्या अल्बमवर बोलणं निघालं की ‘फ्यूजन’ हा एकच शब्द पुढे येतो आणि श्रेय २०१० नंतरच्या काळाला जातं. त्या वर्षी कोरेगाव पार्कात सुरू झालेल्या स्वतंत्र बँडच्या महोत्सवाने नव्या वादकांना श्रोते मिळवून दिले, लॅपटॉपवर घरच्या घरी ध्वनिमुद्रण होऊ लागलं, हे खरंच. पण आपले कान त्याच्या कितीतरी आधी तयार झाले होते आणि ते तयार केले मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारने.

गिटार शिकायला गेलं की पूर्वी पहिला प्रश्न यायचा, “हवाईयन की स्पॅनिश?” हवाईयन म्हणजे आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी सळई तारांवरून सरकवत वाजवायची. स्पॅनिश म्हणजे छातीशी धरून, बोटांनी तार पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, दाबून. या ‘स्पॅनिश’चा स्पेनच्या संगीताशी संबंध असेलच असं नाही. ऑर्केस्ट्रात मागे बसून कॉर्ड धरणारी पोलादी तारांची गिटारही स्पॅनिशच. हा घोळ आपल्या शिक्षकांनी घातलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हवाई बेटांवरच्या वादनाची एवढी लाट आली की उभ्या धरायच्या गिटारला वेगळं नाव द्यावं लागलं. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ ची, मांडीवरचीच होती. १९३६ मध्ये आलेल्या, जॅझवाल्यांनी उचलून धरलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या नावात ‘ईएस’ अशी अक्षरं होती. त्यातला ‘एस’ स्पॅनिशचा.

नाव तसंच आपल्याकडे आलं आणि दोन गोष्टी बिघडल्या. एक म्हणजे, नायलॉनच्या तारांवर नखांनी आघात करत, मधेच लाकडावर थाप देत खरा फ्लॅमेंको वाजवणाऱ्याला स्वतःची ओळख सांगायला शब्दच उरला नाही. दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. सळईने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, सहज निघते, म्हणून रागदारीत हवाईयनला जागा मिळाली. स्पॅनिशचे स्वर पडद्यांनी बांधलेले, म्हणून ती ऑर्केस्ट्राची. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता आणि सरकारी नभोवाणीने तिला १९४० ते १९७१ दूर ठेवलं. मला हा न्याय एकांगी वाटतो. पडदे सतारीलाही असतात. फरक एवढाच की ते सरकवता येतात आणि दांडी रुंद असल्याने तार बाजूला खेचून मींड काढता येते. म्हणजे प्रश्न पडद्यांचा नव्हताच, घडणीचा होता.

साठ-सत्तरच्या दशकांत हवाईयनवर वाजवलेल्या हिंदी चित्रगीतांच्या रेकॉर्डी लग्नाच्या कार्यालयांत, थिएटरच्या मध्यंतरांत सतत कानावर पडत. चाल हिंदी, मागे बाँगो आणि अकॉर्डियन, ताल कधी वॉल्ट्झचा तर कधी लॅटिन अमेरिकेचा. हे मिश्रण नव्हे तर काय? त्याला कुणी फ्यूजन म्हटलं नाही, एवढंच. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये संतूर आणि बासरीच्या बरोबरीने तीच आडवी गिटार राग मांडताना ऐकू आली. पुण्यात तेव्हा स्पॅनिश गिटार होती ती लष्कर भागातल्या गोवेकर कुटुंबांत आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत. १९७४ पासून कोरेगाव पार्कातल्या रजनीशांच्या आश्रमात युरोपातून आलेले साधक गिटार आणि बासरीवर ध्यानाचं संगीत रचू लागले. शहराने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग १९७६ मध्ये एका इंग्रज जॅझवादकाचा व्हायोलिन, तबला आणि घटम यांच्यासोबतचा पहिला अल्बम आला. त्याच्या गिटारला तिरक्या बसवलेल्या तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) सात तारा होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं. त्यामुळे तार खोलवर दाबता, खेचता येई. उभ्या गिटारवर मींड आली. माझ्या मते सगळ्या वाटेतलं खरं वळण हेच. १९८० च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या मैफलीत तीन गिटारवादकांनी केवळ अकूस्टिक गिटारींवर फ्लॅमेंको आणि जॅझ एकत्र वाजवलं. त्यातल्या वेगाचं कौतुक झालं ते झालंच, आपल्याकडची एक पिढी त्या मैफलीची कॅसेट मागे-पुढे करून बोटं बसवत राहिली.

१९९३ च्या एका अल्बमला मात्र हवाईयनच कामी आली. राजस्थानचा एक वादक आणि अमेरिकेतला एक ब्लूजवाला कॅलिफोर्नियातल्या प्रार्थनागृहात, जवळजवळ काहीच तयारी न करता एकत्र बसले. दोघेही तारेवरून सरकवत वाजवणारे, त्यामुळे मींड दोघांची मातृभाषा. पुढच्याच वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, ‘वर्ल्ड म्युझिक’ या गटात. त्या गटाचं नाव २०२० मध्ये बदलून ‘ग्लोबल’ झालं आणि २०२४ मध्ये ते पारितोषिक १९७६ च्याच मंडळीच्या नव्या अल्बमला गेलं.

पुण्यातल्या क्लासच्या पाट्यांवर आता ‘अकूस्टिक, इलेक्ट्रिक, बेस’ असं लिहिलेलं असतं. ‘स्पॅनिश’ हा शब्द त्यांवरून गेला आणि त्याबरोबर, कुणी न ठरवता, हवाईयनही.