मुरघासात गूळ, आम्ल आणि जिवाणू कसे आले?

माण, खटाव, जत आणि आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात वैरण साठवायची म्हणजे कडब्याची गंजी रचायची, आणि कृष्णाकाठी कराड-वाळव्याकडे गळीत हंगामात उसाच्या वाढ्यांवर जनावरे जगवायची, ही जुनी रीत. हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद मुरवण्याची, म्हणजे मुरघासाची, पद्धत इथल्या गोठ्यांत त्यामानाने उशिरा रुजली आणि तिच्याबरोबर टनामागे किलो-दोन किलो गूळ, मीठ, थोडे ताक टाकण्याचा पाठही तोंडोतोंडी पसरला. यातली कोणती गोष्ट कोणत्या अडचणीवर निघाली, हे समजून घेतल्याखेरीज तिच्यावर पैसे घालू नयेत, असे मला वाटते.

फ्रान्समध्ये ऑग्यूस्त गॉफार यांनी मका मुरवण्याचे आपले प्रयोग १८७७ साली ग्रंथरूपाने मांडले. मक्यात साखर पुरेशी असते; तिच्यापासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (आंबटपणाचे माप, म्हणजे pH; तो जितका कमी तितका चारा आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. खरी अडचण उत्तरेकडच्या थंड, ओल्या देशांत होती. तिथल्या ओल्या गवतात आणि द्विदल चाऱ्यात साखर कमी व प्रथिने जास्त असल्याने आम्ल वेळेवर तयार होत नसे, ब्युटिरिक आम्लाची घाण सुटे आणि प्रथिने कुजून वाया जात. फिनलंडमधील सहकारी दूध संघांच्या मध्यवर्ती संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्तुरी विर्तानेन यांनी १९२० च्या दशकात जिवाणूंची वाट न पाहता हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल थेट चाऱ्यावर शिंपडून सामू ४ च्या खाली आणला. या कामाला प्राधान्य देऊन त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सहकारावर उभ्या राहिलेल्या आपल्या भागाने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. पुढे, १९६० च्या दशकापासून, या दाहक आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली.

साखर कारखान्यातल्या मळीचा (मोलॅसिसचा) उपयोगही कमी साखरेच्या चाऱ्यासाठीच; तिथे ती टनाला २० ते ४० किलो लागते. लसूणघास मुरवायचा असेल तर दोन किलो गूळ अपुरा पडतो, आणि चिकातल्या (दाण्यात दुधाळ चीक असताना कापलेल्या) मक्याला मुळात त्याची गरज नसते.

आपली अडचण निराळी आहे. दोन-तीन गाई असलेला शेतकरी चैत्रात मुरघासाची बॅग उघडतो, रोज थोडाच मुरघास काढतो आणि चार दिवसांनी त्यात हात घातला की कोमट वाफ लागते. आठवड्यात कडेला बुरशीचा पांढरा थर दिसतो. आत गेलेल्या हवेवर यीस्ट वाढतात आणि टिकलेले लॅक्टिक आम्लच खाऊन टाकतात. १९९० च्या दशकात संशोधकांनी बुखनेरी (लॅक्टोबॅसिलस बुखनेरी) या जिवाणूकडे लक्ष वळवले ते याचसाठी, कारण तो लॅक्टिक आम्लाच्या काही भागाचे अ‍ॅसिटिक आम्ल करतो आणि त्याने यीस्टला आळा बसतो. मात्र भरताना पायाखाली कुट्टी नीट दाबलेली नसेल, तर जिवाणूंची कोणतीही पुडी ती पोकळी भरून काढत नाही.