शाळेचा सामाजिक संदर्भ

विद्यार्थ्यांच्या घरची मिळकत, पालकांचे शिक्षण, जात, घरची भाषा आणि वस्ती यांतून शाळेचे जे एकूण वातावरण बनते, त्याला शाळेचा सामाजिक संदर्भ म्हणतात. सारख्याच परिस्थितीतली दोन मुले वेगवेगळ्या शाळांत गेली, तर सोबत कोण बसते यावरही त्यांची संपादणूक (अभ्यासातली प्रगती) काही अंशी ठरते. अमेरिकेतील 1966 च्या कोलमन अहवालात इमारत आणि साधनांपेक्षा घरची पार्श्वभूमी व सहाध्यायी यांचा संपादणुकीशी अधिक घट्ट संबंध आढळला. हा परिणाम नेमका किती, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

या प्रश्नाचा विचार बडोद्याइतक्या जुन्या अनुभवावर फार थोड्या शहरांना करता येईल. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले. अंत्यजांसाठी (तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी) शाळा त्याआधीच निघाल्या होत्या, पण वेगळ्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. फी माफ झाली तरी शिवाशिव शाळेच्या दारात उभीच होती. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शिष्यवृत्तीने एक माणूस शिकला. भोवतालचा समाज होता तिथेच राहिला. संधी आणि न्याय यांतले हे अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

वर्गात हा संदर्भ साध्या गोष्टींतून काम करतो. शिक्षक धडा कुठून सुरू करतात, कोणाला प्रश्न विचारतात, 'याला जमायचं नाही' असे कोणाबद्दल आधीच ठरवतात. पालकसभेत जाब विचारणारे किती असतात. बडोद्यात घरी मराठी आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी असणारी मुले पुष्कळ आहेत. भाषेची ही अडचण ज्या घरात शिकवणी परवडते तिथे भरून निघते, इतरत्र ती मुलाची 'मंद गती' म्हणून नोंदली जाते. हा उघड अन्याय आहे.

शिक्षणहक्क कायद्याने (2009) विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. प्रवेशानंतर त्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवले, तर तरतुदीचा हेतूच बुडतो.

दहावीच्या निकालावरून शाळांची तुलना करणेही म्हणूनच अपुरे ठरते. मूल शाळेत आले तेव्हा त्याला काय येत होते, याची नोंद त्या टक्केवारीत नसते.