स्क्लेरोथेरपी: पायावरच्या जाळीदार नसांचं इंजेक्शन

मांडीवर, गुडघ्याच्या मागे नाहीतर घोट्याजवळ लाल-जांभळ्या बारीक रेघांचं जाळं दिसायला लागतं त्याला स्पायडर व्हेन्स म्हणतात, आणि त्या घालवायला त्याच नसेत औषध टोचतात ती स्क्लेरोथेरपी. ग्रीकमधे स्क्लेरोस म्हणजे कडक, त्यावरून हे नाव. या नसा साधारण १ मिमीपेक्षा बारीक असतात, १ ते ३ मिमीच्या निळसर नसांना रेटिक्युलर म्हणतात आणि त्याहून जाड, उभं राहिलं की फुगून वर येणाऱ्या त्या व्हेरिकोज. घरात सगळ्यालाच व्हेरिकोज म्हणतात, पण उपचार ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा असतो.

औषध नसेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, मग नस आक्रसून बंद होते आणि शरीर ती हळूहळू शोषून घेतं. नस बंद केली तर रक्त जाणार कुठून ही भीती बऱ्याच जणींना असते आणि ती साहजिक आहे, पण ते आसपासच्या चांगल्या नसांमधून जातं, पायात त्यांचं मोठं जाळं असतं. औषधं मुख्यतः दोन, पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. पॉलिडोकॅनॉल बारीक नसांना ०.५ टक्के आणि रेटिक्युलरला १ टक्का वापरतात, अमेरिकेत त्याला २०१० मधे मंजुरी मिळाली. काही ठिकाणी तीव्र मिठाचं पाणीही टोचतात, पण त्याने जळजळ होते आणि पायात गोळे येतात. जाड नसांसाठी औषध हवेबरोबर घुसळून फेस करतात, दोन सिरिंज आणि मधे तीन तोंडांचा कॉक लावून.

भूल लागत नाही, सुई केसासारखी बारीक असते, टोचताना चुणचुणतं. झाल्यावर लगेच १५-२० मिनिटं चालायचं, झोपून राहायचं नाही, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस घट्ट स्टॉकिंग्ज घालायचे, उन्हाळ्यात त्यांचा फार वैताग येतो पण घालायचेच. फरक दिसायला ३ ते ६ आठवडे लागतात आणि एका सेशनमधे सगळं जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी तपासणी. पाय जड होणं, संध्याकाळी सूज, घोट्याजवळ त्वचा काळवंडणं असं काही असेल तर डॉप्लर सोनोग्राफी करायलाच हवी, कारण आतल्या मोठ्या नसेची झडप नीट मिटत नसेल आणि नुसती वरची जाळी बुजवली तर ती परत येते, पैसे जातात ते वेगळंच. दुसरं, आपल्या सावळ्या त्वचेवर टोचलेल्या जागी तपकिरी डाग जास्त उठून दिसतात, ते रक्तातल्या लोहामुळे पडतात, बहुतेक फिके होतात पण त्याला महिने लागतात आणि हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. कधी आजूबाजूला आणखी बारीक लाल नसा उमटतात, औषध नसेबाहेर गेलं तर क्वचित जखम होते, आणि फार क्वचित ॲलर्जी किंवा खोल नसेत गुठळी. पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

गरोदरपणात हे इंजेक्शन देत नाहीत. त्या काळात आलेल्या नसा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप कमी होतात, म्हणून तोवर वाट बघायला सांगतात.