मार्केट एकाच पट्ट्यात फिरतंय? मग आयर्न कॉन्डोरचा हिशोब आधी समजून घ्या

"मार्केट महिनाभर तिथल्या तिथेच वरखाली करतंय, आता काय करू?" हा फोन आम्हाला सारखा येतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. अशा वेळी ऑप्शन (ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) विकत घेऊन बसलात तर भाव कुठेच न जाताही प्रीमियम, म्हणजे त्या ऑप्शनची किंमत, रोज थोडं थोडं वितळतं, त्याला थीटा म्हणतात, आणि हेच वितळणं विकणाऱ्याच्या खिशात जातं. म्हणून सगळ्यांना विकायचं असतं. पण नुसता कॉल (घेण्याचा हक्क) आणि पुट (विकण्याचा हक्क) विकून बसणं म्हणजे स्ट्रँगल, दोन्ही एकाच स्ट्राइकचे, म्हणजे एकाच ठरलेल्या भावाचे असतील तर स्ट्रॅडल, आणि यात वरच्या बाजूला तोट्याला मर्यादाच नाही, खालीही तो प्रचंड होतो. 1995 च्या जानेवारीत बेरिंग्ज बँकेचा निक लीसन निक्केई या जपानी शेअर निर्देशांकावर असेच स्ट्रॅडल विकून बसला होता, 17 तारखेला कोबेला भूकंप झाला, निक्केई कोसळला, मग सावरायच्या नादात तो फ्युचर्स (पुढच्या तारखेचे खरेदीचे करार) घेत सुटला आणि फेब्रुवारीत 1762 सालापासूनची बँकच बुडाली.

म्हणून आम्ही चार लेगचा, म्हणजे चार ऑप्शनचे सौदे एकत्र असलेला आयर्न कॉन्डोर सुचवतो. समजा इंडेक्स 20000 वर आहे. 20500 चा कॉल 80 ला विकला, 20700 चा 40 ला घेतला. खाली 19500 चा पुट 85 ला विकला, 19300 चा 45 ला घेतला. हातात आले 80 पॉइंट. एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते तेव्हा, भाव 19500 ते 20500 च्या मधे राहिला तर 80 च्या 80 तुमचे. 19420 च्या खाली किंवा 20580 च्या वर गेला की तोटा सुरू, पण तो 120 वर थांबतो, कारण दोन स्ट्राइकमधलं अंतर 200 आणि मिळालेले 80 त्यातून वजा. आणि एक्सपायरीला भाव एकाच बाजूला असू शकतो ना, त्यामुळे दोन्हीकडून मार बसत नाही. पण हिशोब नीट बघा, एक पूर्ण तोटा दीड पूर्ण फायदे खातो, म्हणजे ते 80 आल्या आल्या कमाई म्हणून मोजू नका.

भाव 20000 वरच आहे तरी पोझिशन लाल का दिसते, असाही फोन येतो. आयव्ही, म्हणजे पुढे भाव किती हलेल याचा ऑप्शनच्या किमतीत धरलेला अंदाज, वाढली की तुम्ही विकलेले ऑप्शन महाग होतात, एवढंच. म्हणून निकाल किंवा मोठी घोषणा तोंडावर असताना पट्टा मोडू शकतो हे धरूनच विका, आणि प्रीमियम अगदी पातळ असेल तर विकूच नका, मिळणार काय आणि धोका केवढा.

बटरफ्लाय म्हणजे विकलेले दोन्ही लेग मधल्या स्ट्राइकला, प्रीमियम जाड पण पट्टा चिंचोळा. कॅलेंडर वेगळं, त्यात जवळची एक्सपायरी विकून लांबची घेतात आणि आयव्ही वाढली तर सहसा फायदाच होतो, पण नवख्याने त्याच्या वाटेला लगेच जाऊ नये असं आमचं मत.

80 ला विकलेला कॉन्डोर 40 ला परत घेता येत असेल तर घ्या आणि मोकळे व्हा. शेवटच्या दोन दिवसांत भाव विकलेल्या स्ट्राइकजवळ आला तर पाच मिनिटांत चित्र पालटतं, उरलेल्या थोड्याशा प्रीमियमसाठी तिथे थांबणारे आम्ही खूप बघितलेत. अमेरिकन पद्धतीचे ऑप्शन असतील तर एक्सपायरीआधीच असाइनमेंट येऊ शकते, म्हणजे घेणारा हक्क वापरतो आणि तुम्हाला सौदा पुरा करावा लागतो, तेही लक्षात असू द्या.

ऑर्डरचा क्रम: घालताना आधी विकत घ्यायचे लेग, मग विकायचे, काढताना उलटं, आधी विकलेले परत घ्या. नाहीतर मधेच उघडे पडता आणि मार्जिनही (ब्रोकरकडे ठेवावी लागणारी अनामत) जास्त अडकतं. लांबच्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावात फरक मोठा असतो तेव्हा लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाचीच ऑर्डर) टाका, आणि चार आत चार बाहेर असे आठ सौदे होतात त्यांची ब्रोकरेज 80 मधून आधीच वजा करून बघा. फोनवर ऑर्डर देणार असाल तर चारही स्ट्राइक, कॉल की पुट, एक्सपायरी आणि लॉट (किती गठ्ठे) कागदावर लिहून ठेवा, आम्ही परत वाचून दाखवू तेव्हा नुसतं हो हो म्हणू नका, कागदाशी ताडून बघा.