धुराडं लपवायचं कुठे?

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतीच्या वाटेवर असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री त्यांची चिता पेटली. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मांट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच रचला.

योगायोग असा, की याच फ्लोरेन्समध्ये आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली होती आणि प्रेतं पुरण्यापेक्षा जाळावीत, असा मुद्दा कोलेत्ती आणि कास्तिल्योनी या दोन प्राध्यापकांनी तिथे मांडला होता. दोन्ही घटनांचा थेट संबंध जोडायला आधार नाही. महाराजांबरोबरच्या मंडळींना धर्म सांभाळायचा होता, प्राध्यापकांना चिंता होती आरोग्याची. युरोपातल्या वाढत्या शहरांत दफनभूमी खच्चून भरल्या होत्या आणि कुजण्यातून निघणाऱ्या दूषित हवेनेच रोग पसरतात, अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, पण दहनाच्या चळवळीने तोवर चांगलंच मूळ धरलं होतं.

पण युरोपीय शहरात उघडी चिता रचणार कुठे? शिवाय शास्त्रज्ञांच्या नजरेतून चिता म्हणजे उधळपट्टी. लाकडाची बरीचशी उष्णता आजूबाजूला आणि आभाळात निघून जाते. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं. ते आटेपर्यंत मांस पेट घेत नाही. त्यात हवा कमी पडली की अर्धवट जळून धूर आणि दुर्गंधी. म्हणून उष्णता कोंडून ठेवायची, हवा हिशेबाने सोडायची आणि निघालेला धूरही जाळून टाकायचा, अशी भट्टी हवी होती.

पादुआचे प्राध्यापक लुदोविको ब्रुनेत्ती यांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपल्या उपकरणाचा नमुना आणि त्यातून मिळालेली रक्षा मांडली. सोबत लॅटिन ओळ होती: किड्यांच्या तावडीतून सुटलो, शुद्ध अग्नीत विरतो. ते पाहून राणी व्हिक्टोरियाचे शल्यविशारद सर हेन्री थॉम्प्सन भारावले आणि १८७४ च्या जानेवारीत त्यांनी लंडनमध्ये दहन संस्था काढली.

त्याच वर्षी ड्रेस्डेनमध्ये फ्रीडरिक सीमेन्स यांच्या भट्टीत लेडी डिल्क यांचं दहन झालं. सीमेन्स यांची युक्ती कारखान्यांतून आलेली. जळत्या वायूने आधी विटांनी भरलेली कोठी लाल होईपर्यंत तापवायची, मग वायू बंद करून त्या विटांमधून नुसती हवा सोडायची. देहाला ज्वाळा शिवत नाही, तापलेली हवाच त्याला जाळते. चुलीपुढच्या आराला उभी केलेली भाकरी जशी जाळ न लागता शेकते, तशी ही रीत. फक्त उष्णता कित्येक पटींनी जास्त. मागे उरतो तो मुख्यतः हाडांतला कॅल्शियम फॉस्फेट.

इटलीतल्या लोदीचे पाओलो गोरीनी यांचा मार्ग वेगळा होता. हा गृहस्थ ज्वालामुखींचा अभ्यासक आणि मृतदेह टिकवून ठेवण्यात वाकबगार. इटलीच्या एकीकरणाचे पुढारी माझिनी यांच्या पार्थिवावरही त्यांनीच प्रक्रिया केली होती. आयुष्य देह टिकवण्यात घालवलेल्या माणसाने देह नाहीसा करण्याची भट्टी बांधावी, याचं मला अजून नवल वाटतं. त्यांच्या भट्टीत ज्वाळा बाजूच्या चुलाणातून येऊन देहावरून वाहायची आणि वरच्या बुटक्या कमानीवरून उष्णता परतून खाली यायची. इंग्लंडमधल्या वोकिंगला हीच भट्टी बसवली. १७ मार्च १८७९ रोजी तिची परीक्षा झाली ती घोड्याच्या कलेवरावर. भट्टी पास झाली, पण गावकरी खवळले आणि गृहमंत्र्यांनी दहनाला मनाई केली.

कोंडी फुटली ती १८८४ मध्ये, वेल्समधल्या विल्यम प्राइस या विक्षिप्त म्हाताऱ्या डॉक्टरामुळे. त्याने आपल्याच तान्ह्या मुलाचं प्रेत टेकडीवर जाळायला घेतलं आणि त्याच्यावर खटला भरला गेला. न्यायमूर्ती होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, भारतीय पुरावा कायद्याचा मसुदा करणारे तेच. इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन गुन्हा नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. २६ मार्च १८८५ रोजी वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं. त्या अख्ख्या वर्षात झाली तीन.

आता प्रश्न इमारतीचा. चर्चला शतकांचा साचा होता. या नव्या वास्तूला पूर्वज नव्हता. मिलानमध्ये १८७६ साली, व्यापारी आल्बेर्तो केलर यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून, दफनभूमीतच ग्रीक देवळाच्या थाटाचं दहनमंदिर उभं राहिलं आणि पहिलं दहन केलर यांचंच झालं. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते, देह तोवर जतन करून ठेवला होता. त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावी डॉ. लमॉयन यांनी स्वतःच्या जमिनीवर दोन खोल्यांचं विटांचं घर बांधलं: एकीत आप्तेष्ट, दुसरीत भट्टी. शोभा शून्य, पण पुढच्या सगळ्या दाहगृहांचा नकाशा मुळात हाच. वोकिंगला तर आधी नुसती भट्टी होती. प्रार्थनेचं चॅपल आलं १८९१ मध्ये, तेही तेराव्या शतकातल्या गॉथिक वळणाचं.

खरी डोकेदुखी धुराड्याची. भट्टीला धूर वर खेचणारी ओढ हवी म्हणजे धुराडं उंच हवं आणि उंच धुराडं दिसलं की शोकाकुल माणसाला कारखान्यात आल्यासारखं वाटणार. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत वास्तुकार फोर्मिझे यांनी बायझंटाइन घुमट बांधला, तरी मागून धुराडी डोकावतातच. तोड काढली लंडनच्या गोल्डर्स ग्रीनने. अर्नेस्ट जॉर्ज आणि आल्फ्रेड यीट्स यांनी उत्तर इटलीतल्या जुन्या चर्चसारखी लाल विटांची वास्तू रचली आणि धुराडं घंटाघरासारख्या मनोऱ्याच्या पोटात दडवलं. १९०२ मध्ये तिचं उद्घाटन थॉम्प्सन यांनीच केलं. माझ्या मते ही इमारत देखणी आहे, पण मनोऱ्याचा देखावा म्हणजे थोडी लबाडीच.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दहन कायदा झाला. जाळलं की विषप्रयोगाचा पुरावा जातो, हा मोठा आक्षेप होता; त्यासाठी डॉक्टरी दाखल्यांची कडक व्यवस्था आली. शिवाय घरमालकाच्या संमतीशिवाय दाहगृह घरापासून २०० यार्डांच्या आत आणि सार्वजनिक रस्त्यापासून ५० यार्डांच्या आत बांधायचं नाही, असंही ठरलं. एवढी मोकळी जागा गावात मिळणं मुश्कील, म्हणून ब्रिटिश दाहगृहं गावाबाहेर गेली आणि भोवतालच्या सक्तीच्या रिकाम्या जमिनीवर झाडं नि हिरवळ आली.