धूळपाटी

धूळपाटी : मुलांना मुळाक्षरे व अंक शिकवण्यासाठी वापरली जाणारी, बारीक धूळ पसरलेली लाकडी फळी. तिच्यावर काढलेल्या अक्षरास धुळाक्षर म्हणतात. दगडी पाटी सर्रास मिळू लागण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलाचा हात हिच्यावरच बसे.

‘पाटी’ या शब्दाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. तो संस्कृत ‘पट्ट’, ‘पट्टिका’ यांवरून आला, असे सहसा मानतात. गणितेतिहासकार बिभूतिभूषण दत्त व अवधेश नारायण सिंह यांच्या मते फळीसाठी जुने संस्कृत शब्द ‘फलक’ व ‘पट्ट’ हे होत. ‘पाटी’ हा उत्तरेकडील लोकभाषांतला शब्द सुमारे सातव्या शतकाच्या आरंभी संस्कृतात आला. ‘पट्ट’चेच लोकभाषेतील रूप पुढे संस्कृतात परतले असे धरल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो, व तेच अधिक ग्राह्य वाटते. प्राचीन गणिती श्रीधर याच्या ग्रंथाचे ‘पाटीगणित’ हे नाव आणि अंकगणितासाठी रूढ असलेली ‘धूलिकर्म’ ही संज्ञा पाहता प्रौढ गणितीही धुळीतच आकडेमोड करीत असावेत. अरबीतही अशा आकडेमोडीला ‘धुळीचे गणित’ या अर्थाचे नाव आहे. पण धुळीच्या फळ्या अन्यत्रही होत्या. त्यामुळे नुसत्या नावावरून या अरबी पद्धतीचा उगम भारतात ठरवणे धोक्याचे.

अक्षरारंभाचा ‘ओ ना मा सी धं’ हा घोष म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. तो जैन परंपरेतला असल्याचे एक मत आहे. तथापि ‘सिद्धम्’ हा मंगलशब्द निरनिराळ्या पंथांच्या शिलालेखांच्या आरंभी आढळतो, म्हणून तो एकाच पंथाचा मानणे कठीण. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू इत्सिंगने वर्णिलेला पहिला पाठही ‘सिद्धम्’च्याच नावाचा आहे : ४९ वर्ण, सहाव्या वर्षी आरंभ, सहा महिन्यांत समाप्ती. अकराव्या शतकात भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्‌बेरुनीने मात्र मुलांच्या काळ्या पाट्या व त्यांवरील पांढरी अक्षरे नोंदवली आहेत. तेव्हा धूळ हे एकमेव साधन नव्हते.

फळीवर वस्त्रगाळ माती किंवा विटकरीची पूड पसरत. ‘ग’ काढताना आधी डावीकडचा बाक, मग काना, शेवटी डोक्यावरची रेघ. बोटाला धुळीचा रोध जाणवतो आणि अक्षराचे वळण डोळ्यांआधी हाताला कळते. फळी हलवली की धूळ सारखी होते, चुकलेले अक्षर मागे राहत नाही. लहान मुलासाठी ही मोठी सवलत होय. शिक्षणेतिहासात तिची घ्यावी तितकी दखल घेतलेली दिसत नाही.

मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेत स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेलने देशी शाळेतील वाळूवरचे लेखन उचलले. मोठ्या मुलाने लहानांना शिकवण्याच्या पद्धतीसह त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

पुढे दगडी व पत्र्याच्या पाट्या आल्या. केरळात विजयादशमीला मूल आजही तांदळात पहिले अक्षर काढते. महाराष्ट्रात त्याच दिवशी पाटीपूजन असते. पाटीवर १ हा अंक ओळींनी मांडून सरस्वती रेखाटतात. काही बालवाड्यांत ताटात रेती किंवा रवा पसरून बोटाने अक्षरे गिरवून घेतात.