फुलपाखराखालची चिठ्ठी

काचेच्या पेटीतल्या फुलपाखराकडे पाहताना नजर आधी पंखांवर जाते. जाणता संग्राहक मात्र टाचणीत ओवलेली, नखाएवढी चिठ्ठी आधी वाचतो: कुठे सापडलं, कधी, कोणाला. ती नसेल तर माझ्या लेखी तो नमुना नाही, नुसती शोभेची वस्तू.

सुरुवातीला फुलपाखरंही झाडाच्या पानांसारखी कागदांत दाबून ठेवत. लंडनचा औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर ती अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांत बसवायचा, म्हणजे पंखांवरचे खवले बोटाला लागत नसत. टाचणीही त्या काळात वापरात होती. १७०२ मध्ये केंब्रिजला पकडलेलं एक पांढरं फुलपाखरू ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आजही आहे. टाचणीवर टिकलेला तो सर्वांत जुना कीटक मानतात.

त्याच वर्षी पेटिव्हरच्या हाती एक पिवळं फुलपाखरू आलं. पंखांवर काळे ठिपके, निळ्या चंद्रकोरी! पुढे प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला ‘पापिलिओ एक्लिप्सिस’ असं नावही दिलं. ते ठिपके नेहमीच्याच फुलपाखरावर कुणीतरी रंगवलेत, हे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसच्या लक्षात आलं १७९३ मध्ये. नव्वद वर्षं फसवणूक खपली, कारण ते कुठल्या रानात उडत होतं हे कुणी धसाला लावून विचारलंच नाही.

एकोणिसाव्या शतकात हा छंद धंदा झाला. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड वॉलेसने १८५४ ते १८६२ ही वर्षं मलय द्वीपसमूहात काढली, ती लंडनला नमुने विकून. १९०६ मध्ये न्यू गिनी बेटावर अल्बर्ट मीकने रॉथशिल्ड या धनाढ्य इंग्रज संग्राहकासाठी क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग या फुलपाखराची मादी मिळवली, तीही बंदुकीने पाडून. तिचे पंख पाव मीटरहून रुंद भरू शकतात. आज या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. त्याच बेटावरच्या पापुआ न्यू गिनी देशात १९७० च्या दशकापासून गावकरी इतर जातींसाठी अळ्यांच्या खाद्यवेली लावतात आणि कोशातून निघालेली काही फुलपाखरं विकतात. रान राखण्यात गावाचा फायदा असावा, हा विचार मला मनापासून पटतो.

विकलेलं फुलपाखरू येतं ते पंख मिटलेलं, त्रिकोणी कागदी पुडीत, वाळून कडक झालेलं. दमट डब्यात एक-दोन दिवस ठेवलं की सांधे सैल होतात, मग धड बसेल अशी खाच मधे असलेल्या पाटीवर पंख पसरता येतात. पुडीवर जागा आणि तारीख लिहिलेली असते. ती आधी उतरवून घ्यायची, मगच पुडी उघडायची.